आरसीवर एक इंजिन, बॉनेटखाली दुसरं : नागपुरात जुनी डिझेल अर्टिगा घेताना

हे लिहिते आहे ते जुनी टर्बो डिझेल गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी, त्यातही नागपूरकरांसाठी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांमध्ये पार्किंगं बुडाली. त्या गाड्या काही कुठे नाहीशा झाल्या नाहीत. धुऊन-पुसून, दुरुस्त होऊन बाजारात आल्या. त्यातली एक आता आमच्या दारात उभी आहे. सगळं ठाऊक असताना, कागद सरळ करून घेतली आहे. पण ते कागद सरळ करण्यात जानेवारी ते मे 2025 गेले.

आम्हाला सात सीटची गाडी हवी होती. सासू-सासरे, दोन मुलं आणि सारखं अमरावतीला जाणं-येणं. नवीन अर्टिगा डिझेलमध्ये मिळत नाही. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल बंदच केलं. मग जुनीच पाहायची. जुन्या अर्टिगात येतं ते फियाटचं 1.3 मल्टिजेट, 1248 सीसी. हेच इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्येही होतं, पण तिथे 75 पीएस (जवळपास तितकीच अश्वशक्ती) आणि साधा टर्बो. अर्टिगा, सियाझ, एसएक्स4 मध्ये 90 पीएस आणि व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो (आतल्या पात्यांचा कोन गरजेप्रमाणे बदलणारा), ज्याला गॅरेजमध्ये नुसतं व्हीजीटी म्हणतात. दोन्हींच्या इंजिन नंबरची सुरुवात मात्र 'डी13ए' अशीच. पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीमुळे घडलं.

19 जानेवारी, रविवार. ऑफिसमधल्या सहकाऱ्याच्या ओळखीतले एक काका मनीष नगरला राहतात, निवृत्त आहेत. त्यांची 2014 ची डिझेल अर्टिगा व्हीडीआय, एमएच-31, मीटरवर एक लाख बारा हजार, मागणी चार लाख ऐंशी हजार. काका दुसरे मालक. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी ती एका दलालामार्फत घेतली होती. गुडघ्यांमुळे आता ऑटोमॅटिक हवी म्हणून विकत होते. माणूस सरळ. चहा आला, फाइल आली, आरसी, विमा, पीयूसी सगळं प्लास्टिकच्या पाकिटात.

मी चावी नुसती 'ऑन'वर आणली, स्टार्टर मारला नाही. बॅटरीचा दिवा लागला, ऑइलचा लागला, इंजिनचा पिवळा दिवा लागलाच नाही. चावी 'ऑन' केली की तो लागायला हवा आणि गाडी सुरू झाली की विझायला हवा. अजिबात लागत नसेल तर कोणी तरी तो बंद करून ठेवलेला असतो. काकांना विचारलं तर म्हणाले, "बेटा, कधी पेटलाच नाही, म्हणजे चांगलंच न?"

वर्धा रोडवर एक चक्कर मारली. गाडी चालत होती, पण माझ्या भावाची याच वर्षाची अर्टिगा मी पुष्कळ चालवली आहे. ती तिसऱ्या गिअरमध्ये 1800 आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) आसपास पाठीला ढकलते. ही थोडी उशिरा जागी झाली आणि 3000 नंतर तिचा जीवच गेल्यासारखं वाटलं. टर्बो थकला असेल असं समजून मी दहा हजार टोकन दिलं. पावतीवर मात्र एक ओळ लिहून घेतली : 'मेकॅनिकची तपासणी व आरसीतील इंजिन-चेसिस नंबर प्रत्यक्ष गाडीशी जुळल्यावरच व्यवहार पूर्ण होईल, अन्यथा टोकन परत.' काकांनी हसत सही केली. या एका ओळीने पुढे कोणालाच आवाज चढवावा लागला नाही, म्हणून टोकन देणाऱ्या प्रत्येकाने ती लिहून घ्यावी.

25 जानेवारीला गाडी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली. स्कॅनर लावण्याचे आठशे आणि लिफ्टवर चढवण्याचे पाचशे घेतले त्याने. स्कॅनरने पहिल्याच मिनिटाला साठवलेला कोड दाखवला, पी0299, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. चालू गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, किती दाब मागतोय आणि किती मिळतोय हे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात; ॲक्सिलरेटर दाबला की मागणी वर जायची आणि मिळणारा आकडा मागेच रेंगाळायचा. इथपर्यंत 'टर्बो गेला' याच्याशी जुळत होतं.

मग त्याने मला बॉनेटपाशी बोलावलं. "ताई, इकडं या न. आता मी गाडी चालू करतो, तुमी फक्त ह्या दांडीकडं पाहा."

टर्बोच्या बाजूला डब्यासारखा एक ॲक्च्युएटर असतो, त्यातून पेन्सिलएवढी दांडी निघते. व्हीजीटीमध्ये हा डबा व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन सुरू होताच दांडी ओढली जाते, बंद केलं की परत जागेवर येते. डोळ्यांना सहज दिसतं. गाडी सुरू झाली. दांडी ढिम्म हलली नाही.

"हालली?"

"नाही."

"हालनारच नाई. हा व्हीजीटी हायच नाई. डिझायरचा टर्बो हाय हा."

साध्या टर्बोच्या डब्याला टर्बोच्याच हवेच्या दाबाची नळी असते, त्यामुळे गाडी जागेवर नुसती सुरू असताना तो स्वस्थ बसतो. त्याने मोबाइलची बॅटरी टर्बोवरच्या छोट्या पट्टीवर मारली, चिंधीने तेल पुसलं. 'केपी35' असं कोरलेलं होतं. या गाडीवर 'बीव्ही35' असायला हवा होता. आणि मग सगळ्यात बेरकी गोष्ट : अर्टिगाचा मूळ व्हॅक्यूम सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी तसाच होता, वायरचा सॉकेट लावलेला, म्हणजे ईसीयूला तार तुटल्याचा संशय यायला नको. त्याच्यातून निघणारी रबरी नळी मात्र कुठेच जात नव्हती. तिच्या तोंडात सहा नंबरचा बोल्ट कोंबून वर काळी केबल टाय आवळली होती. हे करणाऱ्याला काम येत होतं, एवढं नक्की.

एकटा टर्बो बदलला असता तर गोष्ट वेगळी. पण लिफ्टवर गेल्यावर ब्लॉकवर पिवळ्या पेंट पेनने काहीतरी लिहिलेलं अर्धवट पुसलेलं दिसलं, कबाडीतले लोक माल ओळखायला लिहितात तसं. माउंटिंगचे बोल्ट नवे, ऑइल संपच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) कडेने लाल सिलिकॉन भरपूर. ब्लॉकवरचा इंजिन नंबर गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी असतो, पण तिथे तोंड घालून वाचता येत नाही. वायर ब्रश, डिझेलने भिजवलेली चिंधी, आणि मोबाइलचा कॅमेरा उलटा धरून व्हिडिओ. फोटोपेक्षा व्हिडिओ बरा, एखाद्या फ्रेममध्ये आकडे स्वच्छ येतात. डी13ए जुळलं. पुढचे आकडे आरसीशी जुळले नाहीत. गाडीच्या नंबरवरून केलेल्या सार्वजनिक ऑनलाइन शोधात इंजिन नंबरचे काही आकडे झाकलेले असतात, त्यामुळे विकणाऱ्याच्या डिजिलॉकरमधली आरसी उघडून पूर्ण नंबर ताडून पाहावा. दलाल सहसा सुरुवातीची चार अक्षरं दाखवून "जुळतंय न" म्हणतात.

चेसिस नंबर मात्र जसाच्या तसा होता, खाडाखोड नाही, आजूबाजूचं वेल्डिंग नाही. हे महत्त्वाचं. चेसिसवर हात फिरवलेला असता तर मी तिथूनच टोकन परत मागितलं असतं.

मेकॅनिकने मग मधल्या रांगेचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायला लावला. रोजच्या वापरात बेल्ट अर्धाच बाहेर येतो. शेवटचा हातभर भाग रिळात गुंडाळलेला राहतो आणि धुणाराही तिथपर्यंत जात नाही. त्या भागावर चहाच्या रंगाची सरळ रेघ होती, तिच्याखाली पट्टा कडक झालेला. स्टेपनीच्या खड्ड्यात जॅकखाली बारीक गाळ. "पुरात बुडलेली हाय ताई. इंजिनात पानी गेलं असन, कोनं तरी सेल मारला असन, रॉड वाकला." पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. म्हणून बुडालेल्या गाड्यांची इंजिनं बदलली जातात आणि तीही कबाडीतून.

सोमवारी काकांना घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये गेले. सर्व्हिस हिस्टरी मालकालाच देतात, म्हणून काका सोबत हवेच. ऑगस्ट 2023 पर्यंत दर सर्व्हिसची नोंद, किलोमीटरसकट. त्यानंतर पान कोरं.

काकांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास बसला आणि आजही आहे. "मले कोनी सांगतलंच नाई न बेटा. घे तुझे दहा हजार." मी घेतले नाहीत. इंजिन वाईट नव्हतं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरचं जवळपास सारखं होतं, धूर नव्हता, ऑइल कॅपमधून फुसफुस नव्हती. इंजिन बदलणं हा गुन्हा नाही. ते कुठून आलं हे सांगता न येणं आणि आरटीओला न कळवणं, हा प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय झाला असेल तर चौदा दिवसांत कळवून आरसीत नोंद करून घ्यायची असते. आणि नसेल केली तर? अपघात झाला, सर्व्हेयर आला, त्याने इंजिन नंबर ताडला, की क्लेम अडकला. नाक्यावर एखाद्या हवालदाराने खरोखर नंबर पाहिला आणि ते इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं, तर ठाण्यात बसायचं मालकाने. काकांनी विकली नसती तरी हे त्यांच्याच गळ्यात होतं. म्हणून आम्ही ठरवलं : आधी त्यांच्या नावावर इंजिनची नोंद, मग माझ्या नावावर गाडी.

पहिलं काम रात्री घरी बसूनच केलं. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) 'वाहन समन्वय' सेवेत इंजिन किंवा चेसिस नंबर टाकून चोरीच्या नोंदीत आहे का पाहता येतं आणि तसा अहवाल छापून घेता येतो. ब्लॉकवरचा नंबर टाकताना हात थोडे गार पडले होते, खोटं कशाला सांगू. नोंद निघाली नाही. प्रिंट काढली.

दुसरं काम वेळखाऊ : इंजिनचं बिल. काकांनी दलालाला फोन केला, त्याने 'पाहतो' म्हटलं आणि मग फोन उचलणं सोडलं. जुन्या विमा पॉलिसीवर पहिल्या मालकाचं नाव होतं. ते अंबाझरीच्या बाजूलाच राहणारे निघाले. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की गाडी बोनेटपर्यंत बुडाली, क्लेम नाकारला गेला आणि त्यांनी ती होती त्या अवस्थेत एका गॅरेजला विकली. गॅरेजचा पत्ता दिला. तिथे काका एकटे गेले असते तर हात हलवत परतले असते. आमचा मेकॅनिक सोबत होता, त्याने बोल्ट कोंबलेल्या नळीचा फोटो दाखवला. गॅरेजवाला आधी "इंजिन तेच आहे, फक्त खोललं होतं" म्हणत राहिला. व्हिडिओ पाहिल्यावर खुर्ची दिली. फेब्रुवारीच्या शेवटी त्याच्याकडून तीन कागद मिळाले : त्याच्या लेटरहेडवर इंजिन नंबरसकट बिल, ज्या अपघातग्रस्त डिझायरमधून इंजिन काढलं तिच्या आरसीची झेरॉक्स, आणि विमा कंपनीने तो सांगाडा विकल्याची पावती. डिझायर अमरावतीची, एमएच-27.

बिल घेताना त्यावर इंजिन नंबर, कोणत्या गाडीतून काढलं तिचा नोंदणी क्रमांक, कोणत्या गाडीत बसवलं तिचा चेसिस नंबर आणि तारीख, हे चारही लिहून घ्या. 'वन डिझेल इंजिन सेकंडहॅण्ड' एवढ्याच बिलाला काही किंमत नाही.

5 मार्चला परिवहनच्या पोर्टलवर काकांच्या नावाने बदलाच्या नोंदीचा अर्ज भरला. सोबत मूळ आरसी, विमा, पीयूसी, बिल, डिझायरचे कागद, एनसीआरबीचा अहवाल आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र : मूळ इंजिन निकामी झाल्याने बदललं, नवं त्याच मेकचं, त्याच सीसीचं, त्याच इंधनाचं आहे. सरकारी फी काहीशे रुपयांचीच, ऑनलाइन भरली. नोटरी आणि टायपिंगचे सातशे. बाहेरचा एक माणूस बारा हजारांत 'सगळं करून' द्यायला तयार होता. त्याने डिझायरचे कागद मागितलेच नाहीत, तेव्हाच मला नको वाटला.

11 मार्चला गाडी तपासणीला. निरीक्षकांना चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबरांचा पेन्सिल प्रिंट हवा होता. चेसिसचा पाच मिनिटांत निघाला. इंजिनचा काढायला मेकॅनिकला सोबत नेलं होतं म्हणून निभावलं. पातळ कागद, मऊ शिसाची पेन्सिल आणि त्याची लांब बोटं. आदल्या रात्री तो भाग स्वच्छ करून कोरडा ठेवावा, गरम इंजिनावर हात घालावा लागू नये म्हणून सकाळची पहिली वेळ घ्यावी. निरीक्षकांनी बिल दोनदा वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "ही डिझायर रद्द झाली आहे का?"

नव्हती. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, हे कलम 55. इथे सांगाडा विकला गेला, इंजिन नागपूरला आलं, पण कागदावर डिझायर अमरावतीत जिवंत होती. एकच इंजिन दोन चालू गाड्यांच्या नावावर कसं चालेल? त्यांचं म्हणणं बरोबर होतं. अर्ज त्रुटीत गेला.

हा काळ सगळ्यात कंटाळवाणा. डिझायरच्या मालकांना पटवायला आम्ही अमरावतीला गेलो. बडनेऱ्याचे शिक्षक. अपघातानंतर त्यांनी गाडीचा विषयच मनातून काढून टाकला होता, मूळ आरसी मात्र कपाटात जपून. मी त्यांना सांगितलं, "सर, उद्या त्या नंबरची पाटी लावून कोणी काही केलं तर नोटीस तुमच्याकडे येईल." दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज केला. मध्ये होळी, मग मार्चअखेर, मग 30 मार्चचा गुढीपाडवा. पाडव्याला नव्या गाड्या घरी न्यायच्या म्हणून आरटीओत सगळीकडे नोंदणीची गर्दी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रद्द केल्याचं पत्र हातात आलं. 9 एप्रिलला काकांच्या मोबाइलवर संदेश आला आणि डिजिलॉकरमध्ये नवा इंजिन नंबर दिसला. काकांनी तो मोठ्याने वाचून दाखवला, मी ब्लॉकच्या व्हिडिओशी जुळवला.

मधल्या काळात एचएसआरपीचंही (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) उरकलं. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात ही पाटी सक्तीची झाली आहे आणि तिच्याशिवाय आरटीओतली बाकीची कामं अडतात. कारसाठी 745 रुपये अधिक जीएसटी. बुकिंग करताना चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे विचारतात; त्या वेळी आरसीवर जो नंबर आहे तोच टाकायचा, ब्लॉकवरचा नाही.

मग विमा. आरसीची नवी प्रत जोडून इंजिन नंबर दुरुस्तीचं एंडोर्समेंट (पॉलिसीत बदलाची नोंद) मागितलं, आठवड्याभरात ईमेलवर आलं. हस्तांतरणाआधी हे करून घेतलं की पॉलिसी बदलून घेताना पुन्हा तोच प्रश्न येत नाही.

व्यवहार चार लाख दहा हजारांवर ठरला. विक्रीच्या करारासाठी पाचशेचा स्टॅम्प पेपर लागला. ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा चालत नाही. फॉर्म 29 आणि 30 भरून हस्तांतरणाचा अर्ज 16 एप्रिलला, स्मार्ट कार्ड मे महिन्यात स्पीड पोस्टाने. पोस्टमन आला तेव्हा बाहेर उन्हाने रस्ता भाजत होता, त्याला माठातलं पाणी दिलं.

टर्बोचं काम आम्ही नंतर केलं. रिकंडिशन्ड बीव्ही35, मॅनिफोल्ड, नळ्या आणि मजुरी मिळून साडेचोवीस हजार. 75 आणि 90 मध्ये टर्बोशिवायही फरक आहेत, त्यामुळे पूर्ण 90 पीएस मिळतील असं मेकॅनिक म्हणाला नाही. पण पी0299 गेला, इंजिनचा पिवळा दिवा आता चावी 'ऑन' केली की पेटतो आणि सुरू झाल्यावर विझतो. अमरावती रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना पूर्वीसारखं वाट पाहत बसावं लागत नाही. सीटबेल्ट सगळे बदलून घेतले, गालिचा काढून खालचं वायरिंग सुकवून तपासून घेतलं. पुराच्या गाडीत इंजिनाइतकीच भीती वायरिंगची असते.

काकांनी परवा प्रतिज्ञापत्राचा नमुना आणि बिलाची झेरॉक्स मागून नेली. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या कुळकर्ण्यांची सियाझ त्याच गॅरेजमधून आलेली आहे. येत्या रविवारी मेकॅनिकला घेऊन जायचं ठरलं आहे, सकाळी लवकर, इंजिन थंड असताना.